डासाचा ठिपका

आमच्या हाकचुंग गावात बायका अक्षरं कोरतात आणि पुरुष ती वाचतात, असं पुरुष सांगतात. खरी गोष्ट अशी की आमचे पुरुष तुतीचे मळे आणि माशांची तळी सांभाळतात, आणि दहांतल्या नऊ जणांना स्वतःचं नावसुद्धा ओळखू येत नाही. पण पुरुषाला वाचता येतं की नाही, हे विचारायला कुणी त्याला कचेरीत बोलवत नाही. मला बोलावलं होतं. तेव्हा मी वीस वर्षांची होते, आज अडुसष्टची आहे, आणि अजून कुणी कागद समोर धरला की माझी मान आपोआप दुसरीकडे वळते.

आमचं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुस्तक लिहिणारा पातळ कागदावर लिहून देतो. तो कागद आम्ही नासपतीच्या फळीवर पालथा चिकटवतो. खळ वाळली की ओल्या बोटाने चोळून कागदाचा पापुद्रा काढायचा, म्हणजे अक्षरं उलटी होऊन लाकडावर दिसू लागतात. मग कोरणी घ्यायची. आधी फळीवरच्या सगळ्या उभ्या रेघा, मग फळी फिरवून सगळ्या आडव्या, मग तिरप्या, आणि सगळ्यात शेवटी ठिपके. एक अक्षर सुरू करून संपवलं, असं आम्ही कधीच करत नाही. काळं आहे ते ठेवायचं, पांढरं आहे ते खरवडून काढायचं. मला हे काम शिकवलं माझ्या तिसऱ्या आत्याने. ती विधवा होती, जिभेची तिखट होती, आणि रोज सकाळी मला एकच गोष्ट सांगायची, "आ-युंग, डोकं घरी ठेवून ये. हात तेवढे आण."

फळीच्या कडेला कोरणारीची खूण असते. मी शिकाऊ होते, म्हणून माझ्या फळ्यांवर आत्याची खूण असायची. ही खूण पुढे आमच्या गळ्याशी आली.

मी सतरा वर्षांची असताना आउ गुरुजींचं पुस्तक आमच्याकडे आलं. गुरुजी पलीकडच्या गावात पोरांना शिकवायचे. तीनदा मोठ्या परीक्षेला बसले होते, तीनदा आपटले होते, आणि त्याची भरपाई म्हणून त्यांनी आमच्या खाडीतल्या बासष्ट पाणपक्ष्यांची अक्षरं जमवली होती. कुठलं अक्षर कुठून आलं, त्याचा उच्चार काय, सगळं. तीस वर्षं घातली होती त्या माणसाने त्यात. पुस्तकाच्या शंभर प्रती छापून झाल्या, आणि चार दिवसांनी गुरुजी एक पान हातात घेऊन आमच्या ओसरीवर उभे राहिले.

"हे कोणी कोरलं?"

आत्याने मला पुढे ढकललं.

"हा लव्हाळ्यातला बगळा," गुरुजी म्हणाले. त्यांचं लांब नख एका अक्षरावर टेकलं होतं. "याच्या डोक्यावर हा ठिपका कुठून आला?"

"कागदावर होता."

"मी दिला नव्हता."

मी आठवून पाहिलं. पावसाळ्याचे दिवस, दमट हवा, खळीला लवकर वाळायचं नाव नाही. "कागद चिकटवताना एक डास बसला होता. तो चिरडला बहुतेक."

"बहुतेक? आणि तू तो कोरलास?"

"काळं होतं ना, गुरुजी. काळं ठेवायचं असतं."

आत्याने कपाळावर हात मारला. मला वाटलं आता मार पडणार. पण गुरुजी उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "पहिली अक्षरं कोणी काढली माहीत आहे? चिखलात उमटलेली पाखरांची पावलं बघून एका चार डोळ्यांच्या माणसाने. असं ग्रंथ सांगतात. आणि त्यानंतर हे तू काढलंस, डास मारून!"

कोरणीच्या एका फटक्यात तो ठिपका उडवता आला असता. पण प्रती छापून गेल्या होत्या. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून गुरुजी गेले.

पुढच्या खेपेपर्यंत गुरुजींची बुद्धी फिरली. त्यांनी एक प्रत शहरातल्या एका मोठ्या पंडिताला पाठवली होती. पंडिताने उलट टपाली लिहिलं, की एकसष्ट अक्षरं तर ठाऊकच होती, पण हे बासष्टावं कुठे मिळालं आपल्याला? धन्य आहे आपली. तीनदा आपटलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी धन्य म्हटलं होतं. ते त्याला सोडवेना. दुसऱ्या आवृत्तीसाठी गुरुजींनी त्या अक्षराखाली तीन ओळी नव्याने लिहून आणल्या आणि मला एकटीला बाजूला घेऊन वाचून दाखवल्या: "हे अक्षर खाडीतल्या पडक्या देवळाच्या शिळेवर आढळलं. पहाटे ओरडणाऱ्या नर बगळ्याला हे लावतात. उच्चार: पाक्."

"पाक् का?"

त्यांनी आपल्या दंडावर चापट मारली. पाक्! "डास मारल्यावर आणखी काय आवाज होतो?"

आम्ही दोघंही हसलो. मग ते एकदम गंभीर झाले. "आ-युंग, हे कुणाला सांगायचं नाही."

मी तेव्हा आजच्यासारखी भित्री नव्हते. चांगली आगाऊ होते. "मग मला पण वाचायला शिकवा," मी म्हटलं.

त्यांनी शिकवलं. दोन वर्षं. दुपारी आत्या झोपली की बदकांच्या खुराड्यामागे, सपाट दगडावर ओल्या बोटाने. उन्हात अक्षर वाळून जायचं आणि पुरावा राहायचा नाही. सव्वादोनशे-अडीचशे अक्षरं मला येऊ लागली. हात, पाय, भात, मासा, डावा, उजवा, मारणे, जन्मणे. माझं नावसुद्धा. आत्याला पत्ता नव्हता. मला वाटायचं, पोटात काहीतरी गोड लपवून हिंडते आहे मी.

त्याच सुमारास तिकडे लांब, दुसऱ्या प्रांतात, एका माणसाने शब्दकोश केला म्हणून त्याचं मुंडकं उडवलं. थोरल्या बादशहांच्या कोशातल्या चुका त्याने काढल्या होत्या म्हणे. मुलांना धरलं, नातवंडांना धरलं, सुक्याबरोबर ओलंही जळालं. बातमी आमच्याकडे मीठवाल्या होडीने आली आणि तिच्या मागोमाग हुकूम: ज्या ज्या पुस्तकात अक्षरांचे अर्थ नि उच्चार दिले असतील, ती सगळी फळ्यांसकट कचेरीत आणून टाकावीत.

आमच्या ओसरीवरून गुरुजींच्या फळ्या शिपाई उचलून घेऊन गेले. प्रत्येक फळीच्या कडेला आत्याची खूण. आत्या दारात उभी राहून त्या मोजत होती आणि तिचे ओठ पांढरे पडत होते. त्या दिवसापासून ती रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी झोपू लागली. धरून नेलं तर नीट कपड्यांत जावं, एवढंच तिचं म्हणणं. मी नुसती पडून राहायचे. बाहेर बदक फडफडलं तरी मी उठून दाराची कडी चाचपून यायचे. चोराच्या मनात चांदणं, तसं माझ्या मनात अडीचशे अक्षरं.

पंधरवड्याने गुरुजींना धरलं. कारकुनाने त्यांचं पुस्तक थोरल्या बादशहांच्या कोशाशी ताडून पाहिलं होतं. एकसष्ट पक्षी सापडले, बासष्टावा नाही. अक्षर घडवण्याचा हक्क एकट्या बादशहाचा. जो अक्षर घडवतो, तो स्वतःला बादशहा समजतो. मग विचारणा सुरू झाली: हे कुठून आलं? गुरुजी म्हणाले, देवळाच्या शिळेवरून. शिपाई होडी घेऊन खाडीत गेले. देऊळ होतं, शिळा होती, पण शिळेवर शेवाळाखेरीज काही नव्हतं. मग गुरुजींनी खरं सांगितलं, की तो चिरडलेला डास होता आणि बाकीचं त्यांनी मोठेपणासाठी रचलं. आता खरं कोण ऐकतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला न्यायला होडी आली.

आत्याने वाटेत माझा हात घट्ट धरला होता. वल्हं मारणाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती माझ्या कानाशी बोलली, "तुला वाचता येतं का असं विचारतील. नाही म्हणायचं."

"हं."

"हं काय? येत नाहीच ना तुला?"

"नाही, आत्या."

"मग भ्यायचं काय त्यात? खरं तेच सांगायचं." तिने माझा हात थोपटला.

कचेरीतले मायबाप ओरडणारे निघाले असते तर बरं झालं असतं. हे सर्दी झालेले, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. नाक पुसत होते, चहा पीत होते. गुरुजी कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले होते, गळ्यात लाकडी जोखड. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"हे बघ पोरी," मायबाप म्हणाले, "माझ्यासमोर दोनच वाटा आहेत. तुला वाचता येत असेल, तर तू आणि या म्हाताऱ्याने मिळून नवं अक्षर घडवलं. तो कट झाला. तुझ्या आत्याची खूण फळीवर आहे, म्हणजे तीही कटात. तिघांची मुंडकी. आणि तुला वाचता येत नसेल, तर तू डास कोरलास. ती चूक झाली. चुकीला कुणी मरत नाही. येतं तुला वाचता?"

"नाही, मायबाप."

"सगळे तसंच म्हणतात," ते म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला.

त्यांनी दोन ओळी लिहिल्या. संथपणे, शाई घोटून, सुंदर वळणदार लिहिल्या. मग उठून तो कागद माझ्या नाकासमोर धरला, सुलटा, आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिले. "बघ गं, शाई वाळली का नीट?"

दोन वर्षांत शिकलेली अक्षरं माझ्याकडे धावत आली. मी त्यांना बोलावलं नव्हतं. एकदा वाचता यायला लागलं की न वाचणं हातात राहत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. *आ-युंग. उजवा हात.* मग एक अक्षर मला येत नव्हतं. मग *तोडावा.* मग *आत्या.* मग *दुपार.* मग *मारावे.* 'हाता'च्या शेजारी एक ठिपका होता, तो उगीचचा, कशाचाच नव्हता.

"वाळली, मायबाप," मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"मग कोर. इथेच."

फळी होती, खळीची वाटी होती, माझीच कोरणी त्यांनी घरून आणवली होती. मी कागद पालथा चिकटवला आणि खळ वाळण्याची वाट पाहत बसले. माझ्या आयुष्यात तेवढी लांब वाट मी कधी पाहिली नाही. हातांना काम असतं तर भीती हातांत गेली असती. हात रिकामे होते. सगळी भीती डोळ्यांत येऊन बसली होती, आणि मायबाप माझे डोळेच बघत होते. मी फळीकडे बघावं तर त्यांना वाटेल वाचते आहे. आत्याकडे बघावं तर रडू फुटेल. मी त्यांच्या चहाच्या भांड्याकडे बघत राहिले. त्याच्या कानाला तडा गेलेला होता. तो तडा मला आजही काढून दाखवता येईल.

पापुद्रा निघाला. उलटी अक्षरं वर आली. आणि मग मला आत्याचं रोजचं बोलणं आठवलं: डोकं घरी ठेवून ये. मी उभ्या रेघांपासून सुरुवात केली. 'आत्या'तली एक, 'हाता'तली एक, 'दुपारी'तली एक. फक्त उभ्या. उभ्या रेघेला अर्थ नसतो. ती तोडत नाही, मारत नाही. त्या दिवशी आमच्या कामाच्या त्या पद्धतीने मला सांभाळलं, नाहीतर तिसऱ्या अक्षराला माझी कोरणी घसरली असती. फळी फिरवली. आडव्या घेतल्या. घाम नाकाच्या शेंड्यावरून फळीवर पडू नये म्हणून मी मान बाजूला करून कोरत होते.

अर्धंअधिक झालं होतं. तेवढ्यात दुपारचा नगारा वाजला.

दोन शिपाई पुढे आले आणि त्यांनी आत्याच्या काखेत हात घालून तिला उठवलं.

आता काय करायचं? ज्याला कागद वाचता येतो त्याने किंकाळी फोडायची. ज्याला येत नाही त्याने काय करायचं? मान वर केली नाही तर तेही संशयाचंच, कुठली भाची आत्याला नेताना बघत नाही? हा सगळा विचार मी केला असं आज सांगते, पण तेव्हा विचार वगैरे काही नव्हता. माझी पाचावर धारण बसली होती आणि तोंडातून जे बाहेर पडलं ते रोजच्या घरातलं पडलं.

"मायबाप, आत्याला कुठे नेताय?"

"जेवायला," ते म्हणाले. नजर माझ्यावर.

मला त्यांचं खोटं दिसत होतं. ते माझ्या हाताखाली लाकडात लिहिलेलं होतं. आणि मी म्हटलं, "तिला मासे नका वाढू. आज पंधरावी तिथी आहे, तिचा उपास असतो."

दारात पोचलेली आत्या वळून म्हणाली, "राहू दे गं, इथे कुठे उपासाचं बोलतेस!"

आणि ती गेली. मी मान खाली घातली आणि तिरप्या रेघा घेतल्या. ती परत दिसणार नाही असं मला वाटत होतं. अंगणातून काही आवाज येतो का, इकडे कान लागले होते, आणि हात कोरत होते. लाकडाचे बारीक छिलके निघत होते. मी ते फुंकून उडवत होते, जसे रोज उडवते. या गोष्टीबद्दल मला कुणी माफ करू नये. मी स्वतः केलेलं नाही.

शेवटी ठिपके. जेवढे होते तेवढे सगळे. हाताशेजारचाही.

मायबापांनी फळीला शाई लावून कागद दाबला, आपल्या अक्षराशी ताडून पाहिला. "हा ठिपका का ठेवलास?"

"कागदावर होता."

कोपऱ्यात गुरुजींच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसू की हुंदका, कोण जाणे.

"वाचून दाखव तिला," मायबाप कारकुनाला म्हणाले. कारकुनाने मोठ्याने वाचलं: "आ-युंग हिचा उजवा हात मनगटापासून तोडावा आणि तिच्या आत्याला दुपारी मारावे."

तेव्हा मला रडायची मुभा मिळाली. मी फरशीवर पडले, डोकं आपटलं, आत्याच्या नावाने हंबरडा फोडला. कारकून घाबरून मागे सरकला. ते रडणं खरं होतं, नुसतं उशिरा आलं होतं.

"उठ, उठ," मायबाप नाक पुसत म्हणाले. "दगड आहेस तू. देवाने तुला दगड ठेवलं म्हणून वाचलीस." त्यांनी हाक मारली, आणि आत्या पडवीतून आत आली. तिच्या हातात वाडगा होता. तोंडात सोयाच्या पनीराचा घास होता, आणि तो चावावा की गिळावा ते तिला कळत नव्हतं.

पुस्तकं आणि फळ्या अंगणात जाळल्या. मी कोरलेली ती दोन ओळींची फळीसुद्धा त्याच ढिगात गेली. नासपतीचं लाकूड जळताना गोड वास येतो. गुरुजींना खोटं बोलल्याबद्दल चाळीस छड्या बसल्या. त्या वयाला चाळीस म्हणजे काय, ते छड्या मोजणाऱ्यालाही ठाऊक होतं. संध्याकाळी त्यांना दाराच्या फळीवर घालून बाहेर आणलं, तेव्हा आम्ही फाटकाशी होडीची वाट बघत होतो. शिपाई जवळच होते. गुरुजींनी मान उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ते माझ्यावर ओरडले, "हीच ती ठोंबी! डास आणि अक्षर यातलं अंतर कळत नाही हिला! माझी तीस वर्षं खाल्ली या अक्षरशत्रूने!"

शिपाई हसले. आत्या चिडली, "बघा, मेला, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही!" मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी माझ्यासाठी केलेलं ते शेवटचं काम होतं, आणि मला साधं नमस्काराला वाकताही आलं नाही. हिवाळ्यात ते गेले. मी अंत्यविधीला गेले नाही. कोरणारी अडाणी बाई पंडिताच्या अंत्यविधीला कशाला जाईल?

होडीत आत्या म्हणाली, "अगं, खरंच मासे आणले होते त्यांनी आधी. मग आतून कुणी येऊन सांगून गेलं आणि पनीर आणलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि तुला माझा उपास आठवला!" ती रडायला लागली. गावात गेल्यावर घरोघर सांगत सुटली. मरेपर्यंत सांगत होती. लग्नात, बारशात, नव्या वर्षाच्या जेवणाला. माझी भाची बघा, मरणाच्या दारात हिने माझं व्रत राखलं. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या आणि मी वाडग्यात बघायचे. तुला मारायला नेतायत असं मला वाटत होतं आणि मी गप्प राहिले, हे मी तिला एकवीस वर्षांत सांगू शकले नाही. सांगायचं तर वाचता येतं हे सांगावं लागलं असतं.

त्यानंतर मी एकही अक्षर उघड वाचलं नाही. दुकानांच्या पाट्या आल्या की नजर खाली. औषधाची पुडी आली की शेजाऱ्याला विचारायचं, कुठलं हे? एकदा चुकीचीच पुडी निवडून दिली त्याने, मला दिसत होतं, तरी मी ती घेतली आणि वाटेत खाडीत टाकली. बादशहा बदलले, ते मवाळ मायबापही कधीच मेले असतील. माझी भीती मात्र माझ्याबरोबर म्हातारी झाली, आणि तिची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे.

हे सगळं आज काढायचं कारण परवाचं. शहरातून मोठ्या कोशाचं काम आलं आहे, कित्येक पंडितांनी मिळून केलेलं, सरकारी परवानगीचं. आता ओसरी माझी आहे आणि फळ्यांच्या कडेला माझी खूण असते. माझ्या शेजारी माझ्या भावाची मुलगी आ-होई बसते, तीही मजसारखीच निरक्षर, म्हणजे ती खरी निरक्षर. परवा दुपारी मी एक पान चिकटवायला घेतलं. पक्ष्यांचं पान होतं. चिकटवण्याआधी कागद सुलटा असतो, एक क्षणभर. तेवढा क्षण माझे डोळे अजून ऐकत नाहीत.

लव्हाळ्यातला बगळा. आणि त्याच्या डोक्यावर ठिपका.

पहिल्या आवृत्तीची ती शहरातली प्रत कुणीतरी कुठेतरी दडवून ठेवली असणार. तिच्यावरून हे उतरवून घेतलेलं. त्या प्रतीत खाली साध्या बगळ्याचाच उच्चार होता, तो पंडितांना ठिपक्याच्या अक्षराला पटला नसणार; आणि दुसऱ्या आवृत्तीतल्या तीन ओळी जळून गेल्या, त्यामुळे पंडितांनी खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मला येणाऱ्या अक्षरांत ते सगळं बसत होतं: मूळ माहीत नाही. उच्चार माहीत नाही.

जगात ते माहीत असलेलं एकच माणूस होतं आणि ते खळीची वाटी हातात घेऊन बसलं होतं. माझा उजवा हात आपोआप डाव्या दंडाकडे गेला. चापट मारायला. मग मनगटाशी थंडगार काहीतरी सरकलं, आणि तो तिथेच थांबला. रस्त्यावर शिपाई नव्हता. कचेरी होडीने अर्ध्या दिवसावर. ओसरीवर माझ्या भाचीशिवाय कुणी नव्हतं. आणि मी घामाने भिजले होते.

आ-होईने मान वर केली. "आत्या, का थांबलीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "डास होता."

आणि कागद पालथा घालून चिकटवला.